वाकडा भांग

वेणी उंदराच्या शेपटीएवढी, पण कमलिनीबाईंची तक्रार मात्र चौथी: वृद्धनिवासातल्या यंत्राला वेणी घालता येत नाही! म्हणून तपासनीस शर्वरी आली. तिने वेणी सोडली, तेल लावलं, पुन्हा घातली. बाई डोळे मिटून बसल्या होत्या. तक्रार केली, तरच त्यांच्या डोक्याला माणसाचा हात लागे.

“आजी, वेणी तर छान होती की! आता खरंच काही चुकल्याशिवाय मला येता नाही यायचं,” म्हणत शर्वरी निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्राने कंगवा उचलला, पण हात डोक्यापाशीच थांबला.

“काय झालं रे?” बाईंनी विचारलं.

यंत्र हळूच म्हणालं, “आजी, आज भांग वाकडा पाडू का?”