वरच्या मजल्यावरची काठी

सबनीसांनी सोनाटाचं तिसरं पान उलटलं आणि वरच्या मजल्यावर काठीचे ठोके सुरू झाले. दिघेकाकूंचा हा रोजचाच शिरस्ता. एकट्या राहणाऱ्या काकूंना पियानोचा आवाज खपत नसे. ठोके पडले की सबनीस निमूटपणे झाकण लावत.

आज मात्र ते हट्टाला पेटले. रविवारी क्लासचा कार्यक्रम होता आणि निवृत्तीनंतर शिकायला घेतलेला हा सोनाटा अजून एकदाही शेवटपर्यंत बिनचूक वाजला नव्हता. ठोके पडतच राहिले, तसे ते अधिकच जोर लावून वाजवू लागले. शेवटचा सूर विरला तेव्हा कुठेही चूक झाली नव्हती. वरही सगळं शांत होतं.

"नमली एकदाची म्हातारी," ते बायकोला म्हणाले.

सकाळी काकूंचं दार फोडावं लागलं. त्या जमिनीवर पडलेल्या होत्या, काठी हातातच होती. त्यांचा भाचा म्हणाला, "बराच वेळ आपटत असणार. खाली कुणालाच ऐकू आलं नाही?"

रविवारी सबनीसांची बोटं कुठेच अडखळली नाहीत. टाळ्या थांबेनात. त्यांना शिकवणाऱ्या परेराबाईंनी विचारलं, "घरी वाजला होता कधी इतका बिनचूक?"

"एकदाच," ते म्हणाले.