नवी क्लेअर

तेरा वर्षं ईशितानं एका अमेरिकन सिरीयलमध्ये क्लेअरचं काम केलं. तेरा वर्षं इकडे लंडनच्या हॅरोमध्ये तिची आई दुपारचं ताट टीव्हीपुढं घेऊन बसायची आणि पडद्यावरच्या लेकीला विचारायची, "जेवलीस का गं बाळे?"

यंदा क्लेअरचं काम दुसऱ्याच नटीला दिलं गेलं, आणि त्याच आठवड्यापासून आईनं ईशिताचे फोन उचलणं सोडलं. घाबरून ती बॅग घेऊन थेट घरी आली.

साखळी न काढता आईनं दार बोटभर उघडलं. आत टीव्हीवर नव्या क्लेअरचं बोलणं चाललं होतं.

"आई, अगं मी! ईशिता!"


"हळू बोला हो बाई. आत माझी ईशिता बोलतेय."