काळ्या ज्वारीची बिस्किटं

“तुमच्या बिस्किटाचा एकाला जरी कुबट वास आला ना, तरी मी पुढच्या अनुदानाची शिफारस करणार नाही,” सरकारतर्फे तपासणीला आलेले टिपणीस साहेब म्हणाले आणि बिस्किटांचे दोन्ही डबे उचलून पडद्यामागे गेले. एका डब्यात हेमाची बिस्किटं होती, दुसऱ्यात बाजारची.



परभणीतल्या या पत्र्याच्या शेडमध्ये हेमा शिक्षण संपल्यापासून एकाच गोष्टीच्या मागे हात धुऊन लागली होती. काढणीच्या वेळी पाऊस लागला की ज्वारी काळी पडते, तिला वास येतो आणि व्यापारी लांबूनच नाक मुरडतो. हेमानं दाण्यावरचा काळा थर घासून काढायची रीत बसवली. आतल्या पांढऱ्याशुभ्र दाण्याचं पीठ केलं, त्याची बिस्किटं भाजली. वास गेला होता. अगदी गेला होता! आता सरकारनं मोठ्या यंत्राला पैसे दिले तर कारखाना इथंच उभा राहणार होता. नाही दिले, तर शेडला कुलूप.

चव घ्यायला माणसं साहेबांनीच मागवली होती. “पोखर्णीचे शेतकरी बोलवा. काळी ज्वारी ज्यांच्या घरात पडून आहे, त्यांच्याइतका तो वास कुणाला कळणार?”

पोखर्णी हे हेमाचंच गाव. साहेबांना ते ठाऊक नव्हतं, आणि तिनंही सांगितलं नाही.

बाहेर कडुलिंबाखाली पोखर्णीकर टेम्पोतून उतरून बसले होते. कारखाना आला तर काळी ज्वारी विकली जाणार, एवढं सगळ्यांना पाठ होतं. मधोमध हेमाची आत्या पार्वतीबाई, इरकली लुगडं नेसून, लग्नाला आल्यासारखी.

तेवढ्यात भट्टीवरची कस्तुराबाई पदरानं घाम पुसत हेमाजवळ आली.

“ताई, मी पडद्याच्या फटीतून बघितलं. पहिलं ताट साहेबानं तुमच्या डब्यातून भरलं. या डोळ्यांनी बघितलं!”

“कस्तुराबाई! कशाला बघितलंत? कुणाला कळता कामा नये, हाच तर नियम आहे.”

“नियम तुमी सांभाळा. भट्टीच बंद पडली तर मी काय नियम भाजू?” असं म्हणून ती लिंबाकडे निघालीसुद्धा.

हेमानं तोंड उघडलं. एक हाक मारली असती तर कस्तुराबाई थांबली असती. हेमानं तोंड मिटलं.

साहेब एकेकाला आत बोलावू लागले. हेमाला दाराशी उभं राहायची परवानगी होती, बोलायची नव्हती.

पहिले आले आश्रुबा काका. पहिल्या ताटातलं बिस्कीट त्यांनी डोळे मिटून खाल्लं.

“वा! साहेब, हे लय झ्याक. तोंडात टाकलं की इरघळायलंय.”

“आणि दुसरं?”

काकांनी दुसरं नुसतं दातांत धरलं आणि असा चेहरा केला की बस. “थू! हे कशाला दिलं? कुबट वास यायलाय की!”

“कुबट?” साहेबांनी मान वर केली. “नक्की?”

“आता बघा! पावसाळ्यात जमिनीतल्या पेवात पाणी शिरल्यावर ज्वारी नासते न्हाई का, तसला वास. आमचा बैलबी तोंड लावायचा न्हाई.”

हेमानं ओठ चावला. खोटं बोलावं, पण किती! बाजारच्या मैद्याच्या बिस्किटाला पेवातल्या ज्वारीचा वास कुठून येणार? साहेब हसतील, उठून जातील, असं तिला वाटलं. पण ते हसले नाहीत. शांतपणे त्यांनी पुढच्या माणसाला बोलावलं.

मुंजाजी आला. “पहिलं फस्टक्लास. दुसरं खाऊन डोकं दुखायलंय.”

बायनाबाई आली. “दुसऱ्याचा वास मला दारातूनच आला, बघा.”

जो तो आधीच्यावर कडी करत होता. लिंबाखाली जणू शर्यतच लागली होती.  हेमाला लाज वाटत होती, आणि त्या लाजेखालून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. आपली माणसं! किती ओढ ती!

शेवटी आत्या आली. पहिल्या ताटाचं असं कौतुक केलं की साहेबांना मधेच थांबवावं लागलं. दुसऱ्याला तिनं नाकाला पदर लावला.

“अगं माय! कुजकट, साहेब, निव्वळ कुजकट. लेकराबाळांना कोण घालंल हे?”

आणि जाता जाता दुसऱ्या ताटात उरलेली बिस्किटं तिनं भराभर पदरात बांधली.

“हे काय, बाई?” साहेबांनी विचारलं.

“न्हाई, टाकून कशाला द्यायचं? नातवंडं हायत घरी.”

हेमानं कपाळाला हात लावता लावता सावरला. आत्या गेली. बाहेर हशा उठला, कुणीतरी टाळी दिली.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. खोलीत एक माशी तेवढी रिकाम्या ताटांभोवती फिरत होती.

“म्हणजे दुसऱ्या ताटाला सगळ्यांनाच वास आला,” ते म्हणाले. “एकजात सगळ्यांना.”

“हो, साहेब.” हेमाला आवाज सरळ ठेवणं जड जात होतं. “एकमत झालंय. मग आता शिफारस...?”

 साहेबांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. वाईट वाटल्यासारखं काहीतरी होतं.

“बाई,” ते म्हणाले, “पहिल्या फेरीला मी दोन्ही ताटं एकाच डब्यातून भरतो. तुमच्या.”