आईच्या फोनमधला रविवार

रविवारी सकाळी सहा वाजता आईचा फोन बोंबलला, तेव्हा मुलगा जागा होता. दाढ ठणकत होती. एरवी रविवारीही सकाळचे सहा वाजतात, हे त्याला ऐकूनच माहीत होतं.

त्याने कूस बदलली आणि एकदम उठून बसला. आज हा फोन वाजायलाच नको होता.

तो प्रोग्रामर होता आणि आईच्या फोनमधलं ते अ‍ॅप त्यानेच बनवलं होतं. फोन रोज सकाळी वार बघायचा आणि आईला दिवसाची कामं वाचून दाखवायचा. रविवार असेल तर मात्र त्याने गप्प बसायचं आणि सगळी कामं बाबांच्या आणि मुलाच्या फोनवर ढकलायची. आईला आठवड्यातून एक दिवस सुट्टी मिळावी, एवढ्यासाठी सगळा खटाटोप. कल्पना मुलाची होती, पण पाहुण्यांना सांगायचे बाबा. सांगताना त्यांची छाती अशी फुगायची, जणू भांडी कधीच घासून झाली आहेत.

पहिला रविवार ठरल्याप्रमाणे पार पडला. मुलाने आईला बजावलं होतं, हे सध्या नुसतं टेस्टिंग आहे, काही खटकलं तर सांग. आईचा फोन गप्प राहिला. बाबांनी दूध उतू घालवलं, मुलाने ते पुसलं आणि आपण फार काम केलं असं दोघांनाही वाटलं. आईला खटकलं ते एवढंच, की वारांची नावं इंग्रजीत होती. चष्मा शोधून अक्षरं जुळवेपर्यंत वार बदलतो, असं तिचं म्हणणं होतं. त्याच संध्याकाळी मुलाने वार आईच्या भाषेत आणले. सोमवार, मंगळवार, चांगल्या ठळक अक्षरांत. आई खूश झाली. मुलगा तर आठवडाभर स्वतःवर खूश होता.

त्यानंतर बाबांच्या किंवा त्याच्या फोनवर एकही काम आलं नाही. काम आलं नाही म्हणून तक्रार करणारा पुरुष त्या घरात अजून जन्माला यायचा होता.

आता गालाला हात लावून त्याने लॅपटॉप उघडला. चूक एका ओळीत होती. प्रोग्राम विचारत होता, आज ‘संडे’ आहे का? फोन इमानदारीत सांगत होता, नाही, ‘रविवार’ आहे. हे रविवार काय प्रकरण आहे, याची प्रोग्रामला कल्पना नव्हती. संडे नाही म्हणजे कामाचा दिवस, असं ठरवून तो आईला उठवत होता. वार दाखवायचा नावाने आणि ओळखायचा आकड्याने, हे शिकाऊ पोरंही जाणतात. ऑफिसात दुसऱ्या कुणीतरी हीच चूक केली, तेव्हा हा पोट धरून हसला होता.

त्याने बाबांना हलवून जागं केलं आणि सगळा घोळ सांगितला. बाबांनी डोळे न उघडता तो समजून घेतला.

“चालतंय ना? मग कशाला हात लावतोस,” ते म्हणाले आणि पांघरूण ओढून घेतलं. ऑफिसात त्याचे साहेबही अगदी हेच म्हणायचे.

स्वयंपाकघरात आई भाजी चिरत होती. शेजारी डब्याला टेकवून फोन उभा होता. त्यावर चांगल्या ठळक अक्षरांत ‘रविवार’ लिहिलं होतं आणि खाली एकोणीस कामं.

“आई, तीन महिने हा रविवारीही वाजतोय. सांगायचं नाहीस का?”

“त्यात काय सांगायचं?” आईने सुरी न थांबवता विचारलं. “इंग्रजीत होतं तेव्हा तूच म्हणालास, हे नुसतं टेस्टिंग आहे. मग आपल्या भाषेत आलं. म्हटलं, आता खरं सुरू झालं.”