बिस्किटची खोड

पंख फडफडवत कोंबडा थेट अंगावर आला, तेव्हा ग्लेनिसच्या एका हातात अंड्यांची टोपली होती आणि दुसऱ्या हातात कचऱ्याच्या डब्याचं झाकण. तिनं झाकण पुढे धरलं. पत्र्यावर दाणकन नख्या आदळल्या. ती मागे सरकली, तो पुढे आला. परसाच्या फाटकापर्यंत त्यानं तिला असं हाकलत नेलं आणि मग मान ताणून, मुलूख जिंकल्यासारखी बांग दिली.

कुंपणापलीकडे म्हातारा स्तमाती द्राक्षाच्या वेली छाटत होता. ग्रीसहून तरुणपणी आलेला, तेव्हापासूनचा शेजारी. त्याला हसू आवरेना.

"सूप कर त्याचं, ग्लेनिस. लिंबू माझ्याकडून."

"तुला हसायला काय जातंय!"

सूपच करायचं असं तिनं ठरवलंही होतं. ईस्टरला तिचा मुलगा ब्रेट ॲडलेडहून आला होता, बायको आणि लेकीला घेऊन. कोंबड्यानं नातीच्या, एव्हीच्या, पोटरीत नख रुतवलं. पोर किंचाळली, रक्त आलं, सून तान्या तिला उचलून गाडीत जाऊन बसली. मुक्कामाला आलेली मंडळी दुपारीच निघाली. भाजायला लावलेलं कोकरू ओव्हनमध्येच राहिलं.

"हा कोंबडा असेपर्यंत पोरीला इथं आणायची सोय नाही, आई," गाडीची काच खाली करून ब्रेट म्हणाला होता.

दुसऱ्याच दिवशी ग्लेनिसनं कुऱ्हाडीला धार लावली होती. पण हात उचलेना. आदल्या वर्षीच्या नाताळच्या सुट्टीत एव्हीनंच ते पिल्लू बुटाच्या खोक्यात वाढवलं होतं, बिस्किटाचा चुरा भरवून. नावही तिनंच ठेवलं, बिस्किट. उद्या पोर आली आणि "आजी, बिस्किट कुठाय?" म्हणाली, तर काय सांगायचं?

तिनं हे स्तमातीला सांगितलं. त्यानं कात्री खिशात घातली आणि कुंपण ओलांडून आला.

"तू पळतेस, म्हणून तो पाठीस लागतो. लाथ मारलीस तर डूख धरेल. उचल सरळ. बगलेत दाब आणि हिंड त्याला घेऊन. त्याच्या बायकांना बघू दे, घरात कुणाचं चालतं ते."

पहिल्या दिवशी तिच्या दोन्ही हातांवर ओरखडे उठले. दुसऱ्या दिवशी तिनं गमबूट चढवले, जाड कोट घातला आणि पुन्हा त्याला धरलं. मग रोज सकाळी तेच. कोंबडा बगलेत घेऊन ती कोंबड्यांना दाणे टाकायची, टाकीतलं पाणी बघायची, एका हातानं कपडे वाळत घालायची. सुरुवातीला त्याला शिव्या द्यायची. शिव्या संपल्यावर दुसरं बोलायला लागली. एव्हीच्या खोलीला पिवळा रंग देऊ म्हणते. मोठी झाली असेल आता, तो पलंग पुरायचा नाही. नदीवर नेऊ तिला, पेलिकन पक्षी बघायला. कोंबडा डोळा वाकडा करून ऐकायचा. त्याचं उबदार वजन बरगडीशी लागलेलं असायचं. दिवसभरात तिच्याशी तेवढंच काय ते कुणी लगटून असे.

थंडी सरली. वस्तीच्या कडेनं बदामाची झाडं फुलली. खोली पिवळी झाली, नवा पलंगही आला. आणि एका सकाळी ग्लेनिस परसात गेली, तेव्हा बिस्किट चालत आला आणि तिच्या बुटाशी मुकाट उभा राहिला. तिनं हातमोजा काढला. उघडा तळवा पुढे केला. त्यानं एकेक दाणा हलकेच टिपला. कातडीला चोच लागली नाही.

तिनं हात धुवायचीही वाट पाहिली नाही. तशीच आत गेली आणि फोन लावला.

"ब्रेट, झालं बाबा एकदाचं! कोंबडा माणसाळला. हातावर दाणे खातो. आता सुट्टी लागली की एव्हीला घेऊन या."

पलीकडे गाडीचे आवाज होते. ब्रेट कामावर निघाला असावा.

"कुठला कोंबडा, आई?"

ग्लेनिसनं तळव्याला चिकटलेला दाणा झटकला.

"हां हां, तो होय! अगं, बरंच झालं की. पण या सुट्टीत नाही गं जमणार. तिचे नेटबॉलचे सामने आहेत, तान्याची शिफ्ट आहे. आणि एवढा रस्ता म्हणजे... बघू आपण नाताळला. तू बरी आहेस ना? ठेवतो हं, सिग्नल सुटला."

"मी बरी आहे. तू गाडी नीट चालव," ती म्हणाली. तोवर फोन बंद झाला होता.

ती परत परसात आली. पायरीवर बसली. बिस्किट जवळ घुटमळला, तसं तिनं त्याला उचलून मांडीवर घेतलं. थोड्या वेळानं त्यानं मान तिच्या कोपरावर टाकली आणि डोळे मिटले. ती त्याच्या मानेवरची पिसं एका बाजूला वळवत राहिली.

स्तमाती कुंपणाशी आला. त्यानं टोपी मागे सारली.

"मग? कधी येतेय पोरगी?"

"इतक्यात कसली," ग्लेनिस मान वर न करता म्हणाली. "याची खोड जात नाही ना मेल्याची. परवाच बघ, कसला टोचलाय मला. असल्या घरात लेकरू आणायचं कसं त्यांनी?"

स्तमातीनं तिच्या मांडीवर झोपलेल्या कोंबड्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"खरंय," तो म्हणाला. "फार वाईट कोंबडा आहे."