वरच्या मजल्यावरच्या उड्या

पुन्हा धपधप ऐकू आली आणि श्रीधरराव ताडकन उठून बसले.

भर दुपारी! ज्या वेळेला पुण्यातली कुत्रीसुद्धा भुंकायचा कंटाळा करतात, त्या वेळेला वरच्या मजल्यावरचा राकेश मेश्राम उड्या मारत होता. आजच नाही, रोज. सदाशिव पेठेतला गोंगाट नको म्हणून माणूस आयुष्यभराची पुंजी ओतून शहराबाहेर मांजरी गावात, उसाच्या शेताशेजारी फ्लॅट घेतो, तो काय डोक्यावर तालीम भरवून घ्यायला?

धप. धप. धपाक.

"बास झालं आता!" ते म्हणाले.

ऐकायला खोलीत कोणी नव्हतं. त्यांच्या पत्नी प्रेमलाताई जेवण उरकलं की आतल्या खोलीत दार लावून पडायच्या. गुडघ्यांनी त्यांना जेरीला आणलं होतं. हल्ली कुठे जरा आराम पडला होता. श्रीधररावांच्या मते तो त्यांनीच आणलेल्या तेलाचा गुण.

उड्या कोण मारतं, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. दिवाळीत लिफ्टमध्ये राकेशच्या हातात एक खोकं होतं. विचारलं, तर पोरगा खुशीत सांगतो, "व्हीआर आहे काका. हा चष्मा डोळ्यांवर चढवला की थेट मैदानात! हातपाय हलवून खेळायचं."

"मग मैदानातच जा की," श्रीधरराव म्हणाले होते. "ते फुकट असतं."

थोड्याच दिवसांत धपधप सुरू झाली. श्रीधररावांनी आधी सभ्यपणे पाटी लिहिली. टीव्हीशेजारच्या चषकातलं जाड पेन काढलं. तो चषक प्रेमलाताईंना लग्नाआधी कॉलेजात टेबल टेनिससाठी मिळालेला. आता पेनं ठेवायला बरा पडत होता. 'दुपारी एक ते चार माणसे झोपतात. माकडांनी नोंद घ्यावी.' पाटी लिफ्टमध्ये लागली.

"असं लिहितात का कुणाला?" प्रेमलाताई भडकल्या. "घरापासून लांब राहतंय बिचारं पोर!"

"मग घरी जाऊन नाच म्हणावं त्याला. तुला नाही होत त्रास?"

"मला नाही बाई होत," असं म्हणून त्या कुकर लावायला गेल्या. वर त्या पोराला वाटीतून भाजी पोचवायची! श्रीधररावांचा नुसता संताप संताप व्हायचा.

आज मात्र त्यांनी सोसायटीचे चेअरमन हिंदुराव यांना तयार ठेवलं होतं. राकेशचा घरमालक अमेरिकेत. एक तक्रार खरी निघाली की पोराला बाहेर काढा, असं त्यानं हिंदुरावांना बजावलेलं. भंडाऱ्याहून आलेला एकटा पोरगा, त्यात आडनाव ऐकून 'जागा गेली हो' म्हणणारे मालक. त्याला दुसरं घर कोण देणार, हा प्रश्न हिंदुरावांना पडला होता. श्रीधररावांना पडला नव्हता.

त्यांनी चपला हातात घेतल्या, दार अलगद ओढलं आणि मांजराच्या पावलांनी जिना चढले. चोराला मुद्देमालासकट पकडायचं होतं. हिंदुराव वरच थांबले होते. बेल वाजली.

आतून राकेशचा आवाज आला, "थांबा हं, दारात कोणीतरी आलंय. माइक बंद करतो." मग दार उघडलं.

"बाजूला हो!" म्हणत श्रीधरराव आत घुसले.

खोलीत एक गादी, एक टेबल, एक खुर्ची. टेबलावर कीबोर्ड आणि माउस. पडद्यावर हिरवं टेबल, आणि त्यापलीकडे हातात बॅट घेतलेली एक निळी बाहुली.

"उड्या मारतोस ना रे?"

"नाही काका. मी तर बसूनच खेळतो ना. कीबोर्ड-माउसवर."

"मला शेंड्या लावतोस? हातपाय हलवायचा खेळ आणि तू बसून खेळतोस?"

"माउसनं फिरते बॅट. लाकडासारखी फिरते, रोज हरतो मी. पण चालते."

"आणि तो चष्मा?"

राकेश खुर्ची टेबलाखाली सारायला लागला.

"चष्मा कुठाय?"

"दिलाय एकांना. वापरायला."

"कोणाला?"

"ते नाही सांगता येणार. शब्द दिलाय मी."

"ऐकलंत हिंदुराव? शब्द दिलाय म्हणे! लपवलाय कुठेतरी!"

हिंदुरावांनी राकेशच्या खांद्यावर हात ठेवला. "अरे, नाव सांगून टाक की. नाहीतर मला अमेरिकेला फोन लावावा लागेल. घर जाईल बघ तुझं."

राकेशचा चेहरा पडला. मग एकदम आवाज चढला. "लावा फोन! माकड म्हणून पाटी लावली, तेव्हाही मी चूप बसलो. पण नाव नाही सांगणार. काढायचं तर काढा मला!"

आणि तो घाईघाईनं माउसकडे वळला.

"खबरदार हात लावशील तर!" श्रीधरराव गरजले. "पुरावा आहे तो. सगळं जसंच्या तसं राहू दे."

राकेशनं हात मागे घेतला. तिघेही उभे राहिले.

धप. धप. धपाक.

हिंदुरावांनी आधी राकेशच्या पायांकडे पाहिलं. मग फरशीकडे. आवाज खालून येत होता. पडद्यावरची निळी बाहुली जागच्या जागी उड्या मारत वाट पाहत होती.

स्पीकर खरखरला.

"काय रे, कोण उपटलंय एवढं? लवकर वाटेला लाव आणि सर्व्हिस टाक. आमचं ध्यान चारशिवाय उठत नाही!"