माहेरचं तिकीट

बंगळुरूत, बेळ्ळंदूरच्या फ्लॅटमध्ये सिद्धीची बॅग भरून तयार होती. पहिलं बाळंतपण माहेरी, नागपूरला. आईने तर खोलीही रिकामी करून ठेवली होती. पण टीव्हीवर कर्नाटकच्या विधानसभेत खासगी नोकऱ्यांतल्या आरक्षणावर चर्चा पेटली होती आणि एक आमदार ठणकावून सांगत होते, "या मातीत जन्मला, तोच स्थानिक!"

सिद्धीचा हात पोटावर गेला. "निहार, तिकीट कॅन्सल कर," ती नवऱ्याला म्हणाली.

"स्वल्प, थोडा दम धर गं. बाळाला नोकरी लागायला अजून बावीस वर्षं आहेत. आधी बाहेर तर येऊ दे त्याला!"

"तेच म्हणतेय. इथेच येऊ दे."

तिने आईला फोन लावला. "आई, मी नाही येत. तूच इकडे ये. बाळ इथे जन्मलं, की त्याला कुणी कधी 'परत जा' म्हणणार नाही."

पलीकडून आई हळूच म्हणाली, "म्हणजे तुम्ही आता परत येणार नाही."